आग डोंगरावर, बोट धरणाकडे

होळीच्या आगेमागे टिटवाळ्याच्या भोवतालचे डोंगर दिवसा भुरके दिसतात आणि रात्री त्यांच्या कमरेवरून एखादी नारिंगी रेघ सरकताना दिसते. कसारा लोकलमधून उतरून पादचारी पुलावर आलं की पाच-पंचवीस माणसं तिकडे मोबाइल धरून उभी असतात. चित्रण होतं, पुढे पाठवलं जातं आणि घरी पोहोचेपर्यंत त्या आगीबद्दलच्या चार गोष्टी आपल्या आधी घरी पोहोचलेल्या असतात.

गेल्या मार्चमधल्या एका रात्री मी गच्चीवर उभा होतो. वस्तीच्या मागची टेकडी पेटली होती. शेजारचे काका धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "अहो, हे वाचलंत का? धरणं भरलेली आहेत आणि आग विझवायला पाणी सोडत नाहीत!" त्यांनी पुढे केलेल्या मोबाइलवर एक लांबलचक मजकूर होता. बारवी भरलेलं आहे, पण पाणी मोठ्या शहरांसाठी राखून ठेवलं आहे. डोंगर आदिवासींनीच पेटवला आहे. अमेरिकेतही असंच झालं, मासे वाचवायला पाणी अडवलं म्हणून लॉस एंजेलिस जळलं. हवामान बदल वगैरे सगळं थोतांड आहे, उन्हाळा पूर्वीही होता. मजकुराखाली एक छायाचित्र होतं आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, 'टिटवाळा, आत्ता'. छायाचित्रात उंच, सरळसोट सूचिपर्णी झाडं धडधडून जळत होती. आमच्या टेकडीवर साग आहे, ऐन आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत आणि बाकी सगळं गवत आहे. तसलं एकही झाड टेकडीवर नाही, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ते तिथं चाळीस वर्षं फिरायला जातात. तरीही त्या मजकुरावर त्यांचा विश्वास बसला होता.

मी खाली उतरून टेकडीच्या पायथ्याशी गेलो. तिथं तीन माणसं होती, पलीकडच्या पाड्यावरची. अग्निशमनाची गाडी येऊ शकेल असा रस्ता जिथं संपतो तिथून पुढे पायवाट होती आणि आग त्या पायवाटेच्याही वर होती. "पाणी आणायचं का?" मी विचारलं. त्यांच्यातला तरुण म्हणाला, "दादा, पाणी कुठं वर नेता? ओल्या डाहळ्या तोडा आणि माझ्या मागं चला." गवताची आग समोरून अडवत नाहीत, हे मी त्या रात्री शिकलो. जळून काळ्या झालेल्या बाजूला उभं राहायचं आणि आगीच्या कडेकडेने झोडपत पुढे सरकायचं. डहाळी उंच उगारायची नाही, नाहीतर ठिणग्या पलीकडच्या कोरड्या गवतात उडतात. जाळावर दाबायची, घासायची, पाऊलभर पुढे जायचं. धुराने डोळ्यांना धार लागते, भुवया करपतात, चपलेचा तळवा मऊ पडतो. तासाभराने ती रेघ एका खडकाळ घळीपाशी येऊन संपली. त्या तासाभरात पाण्याचा एक थेंबही वापरला गेला नाही.

मी परत आलो तेव्हा तो मजकूर आणखी दोन गटांत फिरत होता. त्यातल्या प्रत्येक विधानाचा पूर्वपक्ष नीट मांडून त्याचं उत्तर देणं मला गरजेचं वाटतं. कारण ही विधानं वेडगळ माणसांची नाहीत. पाण्यासाठी रात्री अडीचला उठणाऱ्या, टँकरला पैसे मोजणाऱ्या आणि कोणीच उत्तर देत नाही म्हणून चिडलेल्या माणसांची ती आहेत. त्यांचा राग मला मान्य आहे. तो चुकीच्या ठिकाणी खर्च होतो, एवढंच माझं भांडण आहे.

उसन्या आणलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो. ७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात आग भडकली, त्याच संध्याकाळी अल्टाडीनाजवळ दुसरी. दोन्ही मिळून सोळा हजारांहून अधिक बांधकामं नष्ट झाली, तीसहून अधिक माणसं गेली. आग चालू असतानाच सांगितलं जाऊ लागलं की उत्तर कॅलिफोर्नियातलं पाणी 'डेल्टा स्मेल्ट' नावाच्या बोटभर माशासाठी अडवून ठेवलं, म्हणून शहरातल्या अग्निशमनाच्या नळांना पाणी आलं नाही. हे सांगणाऱ्यांत त्या देशाचे नियोजित राष्ट्राध्यक्षही होते, म्हणून जगभर ते खरं मानलं गेलं. वस्तुस्थिती अशी की दक्षिण कॅलिफोर्नियाला पाणी पुरवणाऱ्या मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टकडे त्या वेळी त्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा साठा होता. पाणी होतं. नळ कोरडे पडले त्याचं कारण वेगळंच होतं. डोंगरउतारावरच्या त्या वस्तीला दाब देणाऱ्या तीन टाक्या होत्या, प्रत्येकी सुमारे ३८ लाख लिटरच्या. नेहमीच्या चौपट उपसा सलग पंधरा तास चालला आणि पहाटेपर्यंत तिन्ही रिकाम्या झाल्या. खालून पाणी चढत होतं, पण वरून उपसलं जात होतं त्या वेगाने नाही. शहराच्या जलवाहिन्या एक-दोन घरांची आग डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात, अख्खा डोंगर पेटेल हे गृहीत धरून नाही. वाऱ्यामुळे पाणी टाकणारी विमानं त्या रात्री उडू शकली नाहीत.

या प्रकरणात एक खरी हलगर्जी होती आणि ती सांगितली नाही तर माझंही खंडन अर्धवट राहील. त्याच भागातला सांता इनेज हा सुमारे ४४ कोटी लिटरचा जलाशय आच्छादनाच्या दुरुस्तीसाठी कित्येक महिने रिकामा ठेवलेला होता. लोकांनी त्याबद्दल जाब विचारला, तो रास्तच होता. पण चर्चा माशावर गेली. पुढे जानेवारीच्या अखेरीस राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावरून दूरच्या टुलारी परगण्यातल्या दोन धरणांतून अब्जावधी लिटर पाणी सोडण्यात आलं. ते पाणी लॉस एंजेलिसला जाण्याचा मार्गच नव्हता. शेतकऱ्यांना उन्हाळ्यात लागणारं पाणी भर हिवाळ्यात वाहून गेलं, आणि तोवर आगी आटोक्यात आल्या होत्या. खोट्या निदानावर केलेला उपाय किती महाग पडतो याचं इतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता आपल्याकडे येऊ. 'बारवी भरलेलं असताना आग विझवायला पाणी का नाही' हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण आपल्या नळाचं पाणी येतं कुठून ते आधी पाहू. टिटवाळ्यापासून जवळच, उल्हास नदीकाठी मोहिली इथं कल्याण-डोंबिवली महापालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. भर उन्हाळ्यात उल्हास नदी वाहती असते ती मुख्यतः दोन आधारांवर. एक बदलापूरजवळचं एमआयडीसीचं बारवी धरण. दुसरं घाटमाथ्यावरचं आंध्रा धरण. त्याचं पाणी टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून खाली उतरून उल्हासात येतं. म्हणजे पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी वीज करून पश्चिमेला आपल्या घागरीत पडतं. धरणापासून नदी, नदीपासून उपसा, शुद्धीकरण, टाकी, वाहिनी आणि मग नळ, अशी ही साखळी आहे. तिच्या पहिल्या कडीत किती पाणी आहे याचा शेवटच्या कडीतल्या दाबाशी त्या रात्रीपुरता काहीही संबंध नसतो. पाणी दहा मीटर वर चढवायचं तर साधारण एक किलो दाब खर्ची पडतो. टेकडीच्या अर्ध्यावर बांधलेल्या चाळीला रोजच्या प्यायच्या पाण्याला दाब पुरत नाही, तिथं आगीच्या पाण्याला तो कुठून येणार?

आणि आगीला पाणी लागतं तरी किती? केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीत मोठ्या शहरांसाठी याचं एक सूत्र दिलेलं आहे. लोकसंख्या हजारांत मांडायची, तिचं वर्गमूळ काढायचं, शंभराने गुणायचं. उत्तर येतं ते दिवसाचे किलोलिटर. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या जवळ होती. सूत्रात घातली की येतात सुमारे ३५ लाख लिटर. त्याच लोकसंख्येला माणशी १३५ लिटर हा शहरी निकष लावला तर रोज जवळपास १७ कोटी लिटर लागतात. म्हणजे आगीसाठी हाताशी ठेवायचं पाणी रोजच्या पाण्याच्या जेमतेम दोन टक्के. आज लोकसंख्या वाढली आहे, आकडे वाढतील, पण वर्गमूळ असल्यामुळे हे प्रमाण वाढणार नाही, घटेलच. तीच नियमावली पुढे असंही सुचवते की यातला एक तृतीयांश साठा वितरणाच्या टाक्यांत असावा आणि उरलेला मोक्याच्या जागी बांधलेल्या स्थिर टाक्यांत वाटून ठेवावा. त्या टाक्या जवळच्या तळ्यातून, ओढ्यातून टँकरने भरल्या तरी चालतात.

सारा वाद या दोन टक्क्यांचा आहे. धरणाची उंची वाढवून तो सुटत नाही, नवं धरण बांधूनही सुटत नाही. मुरबाडमधल्या प्रस्तावित काळू धरणाचं समर्थन हल्ली अशा संदेशांमधूनही केलं जातं, 'धरण झालं असतं तर डोंगर जळाले नसते' असं. त्या धरणात मोठं जंगल बुडणार आहे, आदिवासींची गावं उठणार आहेत. वनपरवानगी नसताना सुरू केलेलं काम श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवर २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबवलं होतं. धरण हवं की नको यावर मतभेद असू शकतात. पण जंगल वाचवण्यासाठी जंगल बुडवा, हा युक्तिवाद आगीच्या नावाने कोणी पुढे करू नये.

'पाणी मुंबईने पळवलं' या वाक्यात मात्र दुखरी सल आहे, आणि तिच्याबद्दल मी हात राखून लिहिणार नाही. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतं आहे. भातसा आज मुंबईच्या जवळपास निम्म्या पाण्याचा भार उचलतं. ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच शहापूरच्या गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्या बाईच्या शेताजवळून पुरुषभर उंचीची जलवाहिनी जाते, ती डोक्यावर हंडा घेऊन दीड मैल चालते. हा अन्याय आहे, तो कागदोपत्री सिद्ध होतो, त्यावर लढता येतं. पण त्यालाच 'म्हणून डोंगर जळाला' असं शेपूट जोडलं की समोरचा अधिकारी ते शेपूट सहज तोडतो आणि त्याबरोबर मूळ तक्रारही फेकून देतो. खोटा पुरावा जोडल्याने खऱ्या फिर्यादीचं किती नुकसान होतं, ते शहापूरकरांना विचारावं.

पुढचं विधान मला सर्वांत जास्त लागतं. 'आदिवासींनीच पेटवला.' त्या रात्री टेकडीवर आग झोडपणारे तिघं ठाकूर जमातीचे होते. गच्चीवरून चित्रण करणारे आम्ही सगळे पक्क्या घरांतले होतो. हे एक उदाहरण झालं, त्यावर सिद्धान्त उभा राहत नाही, म्हणून मुळाशी जाऊ. ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, डहाळ्या, गवत आणि वर माती असे थर रोपाच्या वाफ्यावर रचायचे आणि उन्हाळ्यात पेटवायचे. तण जळतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं. राब रचताना धुमसेल, भडकणार नाही, याची काळजी घेतात, कारण भडकला तर काम बिघडतं. ही पद्धत जंगलाच्या मुळावर आली आहे असं इंग्रज वनखात्याने ठरवलं, लोकांचा लाकूडफाटा आणि पाला बंद केला. ठाणे-कुलाब्यात त्यावरून इतका असंतोष झाला की सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. दोन वर्षांनी त्याचा अहवाल आला. म्हणजे 'जंगल जाळणारा तो कुणबी, तो कातकरी, तो ठाकूर' हा आरोप सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तो पहिल्यांदा केला तेव्हा जंगलाचा ठेका, विक्री आणि उत्पन्न कोणाच्या हाती होतं हेही पाहायला हवं.

मग आग लागते कशी? आपल्याकडे उन्हाळ्यात कोरड्या आभाळातून वीज पडून डोंगर पेटल्याची उदाहरणं विरळा. देशातले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात, हे वनखातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. तो हात कधी राब भाजणाऱ्याचा असतो, वारा फिरतो आणि ठिणगी बांधापलीकडे जाते. कधी ससा-रानडुकराच्या शिकारीसाठी रान पेटवणाऱ्याचा असतो. पण आमच्या भागात तो विडी-सिगारेट टाकणाऱ्याचा असतो, टेकडीवर रात्री पार्टी करून चूल तशीच सोडणाऱ्याचा असतो, उकिरडा पेटवणाऱ्याचा असतो आणि जागा 'साफ' करून तिथं चाळ उठवणाऱ्याचाही असतो. मांडा-टिटवाळ्यात बेकायदा चाळी किती वेगाने वर चढल्या ते लोकलच्या खिडकीतूनही दिसतं. कोणती आग कोणत्या हाताने लागली हे तपासाने ठरवायचं असतं. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. गुन्ह्याला आरोपी लागतो, जमात लागत नाही.

याच्या नेमका उलट असा एक समज गावकऱ्यांतही आहे आणि तोही तितकाच खोडून काढायला हवा. 'जळलं की गवत चांगलं येतं.' जळलेल्या जागी पहिल्या सरीनंतर कोवळं हिरवं लवकर दिसतं, हे खरं. गुरं तिकडे धावतात, म्हणून समज टिकून आहे. पण दरवर्षी जळणाऱ्या उतारावर काय उरतं ते जाऊन बघावं. रोपटी मरतात, जुनी झाडं बुंध्याशी पोखरली जातात, पाचोळ्याचा थर नाहीसा होतो आणि उघडी माती जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात घळीतून सरळ काळू नदीत उतरते. पाचोळ्याने जिरवलं असतं ते पाणी धावत सुटतं. डोंगराच्या पोटातले झरे म्हणून लवकर आटतात. जुलैत रुंद्याचा पूल पाण्याखाली जातो, पलीकडच्या गावांचा टिटवाळ्याशी संपर्क तुटतो आणि त्याच गावांना एप्रिलमध्ये पाणी नसतं. वणवा आणि पाणी यांचं खरं नातं इथं आहे. संदेशात म्हणतात तसं धरणातलं पाणी कमी पडल्याने डोंगर जळत नाही. डोंगर जळल्याने मात्र पाणी कमी पडतं.

झाडं लावून हे भरून निघतं का? २०१७ च्या पावसाळ्यात अंबरनाथ तालुक्यात मांगरूळ इथं वनजमिनीवर सुमारे एक लाख रोपं एका मोहिमेत लावली गेली. शेकडो हातांनी खड्डे घेतले होते, मुलं आली होती. पुढच्या काळात तिथं पुन्हा पुन्हा आगी लागल्या आणि हजारो रोपं करपली. लावण्याच्या दिवशी जेवढी माणसं होती त्यांच्या विसाव्या हिश्शाने जरी डिसेंबर ते मे राखण केली असती, तर आज तिथं सावली असती, असं मला वाटतं.

आता 'उन्हाळा पूर्वीही होता' हे. होताच. कोकणपट्टीचं गणितच असं आहे की चार महिने धो धो पाऊस पडतो, गवत कमरेएवढं वाढतं आणि पुढचे सात-आठ महिने ते वाळत राहतं. जळण दरवर्षी नव्याने तयार होतं. प्रश्न ते किती कोरडं होतं आणि किती दिवस कोरडं राहतं हा आहे. हवा एक अंश तापली की बाष्प धरण्याची तिची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ते बाष्प ती मातीतून, पानातून, गवताच्या काडीतून ओढून घेते. २०२४ हे वर्ष जगाच्या नोंदीतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, आणि भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण. २०२५ च्या फेब्रुवारीतच हवामान खात्याला मुंबई-ठाण्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. त्या दिवसांत आपल्याकडे काय घडतं? पूर्वेकडून घाट उतरून येणारा कोरडा वारा जोर धरतो आणि दुपारचा खारा वारा उशिरा येतो. लॉस एंजेलिसला जाळणारे सांता ॲना वारेही असेच, वाळवंटातून डोंगर उतरून समुद्राकडे जाणारे, उतरताना अधिक तापणारे आणि अधिक कोरडे होणारे. आपला वारा त्यांच्याइतका वेगवान नसतो, हे आपलं भाग्य.

पण याच्या पलीकडचं टोकही मला मान्य नाही. 'हवामान बदलाने आग लागली' असं म्हणून मोकळं होणारे अधिकारी आणि लेखकही आहेत. लॉस एंजेलिसच्या आगीचा अभ्यास केलेल्या वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या गटाने सांगितलं ते मोजून मापून सांगितलं: आगीला पोषक असं ते हवामान तापमानवाढीमुळे सुमारे ३५ टक्के अधिक संभवनीय झालं. बाकीचं माणसांनी केलं. डोंगरात घुसवलेली घरं, रिकामा जलाशय, ठिणगी. आमच्याकडे तापमानवाढीचं कारण पुढे करून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, न आखल्याचं, कचरा न उचलल्याचं, उतारावर चाळी होऊ दिल्याचं झाकता येणार नाही. कल्याणच्या आधारवाडीच्या कचराभूमीला २०१८ च्या मार्चमध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि अख्ख्या कल्याणने तो धूर छातीत घेतला. तिथं कचऱ्याचा डोंगर उन्हाने उभा केलेला नव्हता. तिथं कचरा टाकणं थांबलं २०२१ साली.

मग हे खोटं इतकं चिकट का? मला त्याचं एकच उत्तर सापडतं: खरं वेळेवर कोणी सांगत नाही. हवाईत लाहाइना गाव ऑगस्ट २०२३ मध्ये जळलं, शंभरच्या आसपास माणसं गेली आणि लगेच सांगितलं जाऊ लागलं की आकाशातून किरण सोडून आग लावली, निळ्या वस्तू तेवढ्या वाचल्या. लॉस एंजेलिसच्या वेळी हॉलिवूडची पाटी जळताना दाखवणारी संगणकाने रचलेली चित्रं फिरली. पाटीला धक्काही लागलेला नव्हता. तिकडे हे घडतं तर इकडे घडणारच. आमच्याकडे पाणीपुरवठा बंद राहणार असेल तर दुरुस्तीचा संदेश आदल्या दिवशी येतो. डोंगर पेटला की मात्र आग कुठं आहे, वस्तीला धोका आहे का, गाडी निघाली का, याबद्दल रात्रभर अधिकृत शब्द येत नाही. त्या मोकळ्या जागेत सूचिपर्णी झाडं येऊन बसतात.

खरं तर माहिती आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून टिपलेल्या आगीच्या सूचना देते आणि त्या सूचनांसाठी कुणालाही मोफत नाव नोंदवता येतं. तीही डोळे मिटून वाचू नये. उपग्रहाचा एक ठिपका पावणेचारशे मीटर लांबी-रुंदीचा असतो आणि त्यात शेतात पेटलेला राब किंवा एखादा तापलेला कारखानाही 'आग' म्हणून दिसू शकतो. ठिपका दिसला की कोणीतरी पायी जाऊन पाहावंच लागतं. ते पाहणारा वनरक्षक आणि त्याच्या हाताखालचे हंगामी मजूर हीच सगळी यंत्रणा आहे, आणि एकेका वनरक्षकाकडे एका माणसाने राखावं त्याहून कितीतरी अधिक रान असतं.

माझं म्हणणं म्हणून साधं आहे आणि ते मी महापालिका, वनखातं आणि आपण सगळे यांच्यासमोर ठेवतो. नियमावलीतल्या त्या स्थिर टाक्या बल्याणी, मोहिली, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यात टेकड्यांच्या पायथ्याशी बांधा. त्या कुठं आहेत, किती लिटरच्या आहेत आणि आज भरलेल्या आहेत का, हे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लिहा. प्यायचं पाणी त्यात घालायची गरज नाही, सांडपाणी शुद्ध करून मिळणारं पाणी चालेल. जाळरेषा जानेवारीत पूर्ण करा, मार्चमध्ये नव्हे, आणि त्या कामावर पाड्यावरच्याच माणसांना पुऱ्या मजुरीने घ्या, कारण आग कशी झोडपायची हे त्यांना येतं आणि आपल्याला येत नाही. राब बंद करायच्या गोष्टी बोलू नका. राब भाजायचे दिवस आणि वेळा गावाशी बोलून ठरवा, त्या दिवशी वनरक्षक बांधावर उभा असू द्या. टेकडीच्या उतारावरचा कचरा उचला. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये दिलेला आहे, तो वापरा. आणि आग लागल्यापासून अर्ध्या तासात दोन ओळींची खरी माहिती लोकांच्या मोबाइलवर द्या. पूर्ण माहिती नसेल तर जेवढी आहे तेवढी द्या.

यात नवं धरण नाही, परदेशी यंत्र नाही. मोठं काम एकच आहे. उतारावर नवं बांधकाम होऊ न देणं. ते अवघड आहे हे मला माहीत आहे, कारण त्या चाळींत राहणारी माणसं परवडेल तिथं आलेली आहेत आणि त्यांना तिथं आणून बसवणारे वेगळेच आहेत. आग लागली तर पहिल्यांदा जळणार त्यांचंच घर. म्हणून हा प्रश्न त्यांना हुसकावण्याचा नाही. उद्याच्या चाळीचा पाया आज कोण खणतो आहे, त्याच्यावर हात टाकण्याचा आहे.

काकांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर घेऊन गेलो. राख अजून कोमट होती. एका करवंदीच्या जाळीखाली टिटवीसारखं जमिनीवर अंडी घालणाऱ्या कुठल्याशा पाखराची चार अंडी होती, काळी पडलेली. काका बराच वेळ तिथं बसून राहिले. मग त्यांनी मोबाइल काढला, रात्री ज्यांना तो मजकूर पाठवला होता त्या सगळ्यांना एकेक करून लिहिलं, 'काल मी पाठवलेलं चुकीचं होतं. फोटो इथला नाही. मी स्वतः जाऊन पाहिलं.' त्याला वीस मिनिटं लागली.

या वर्षीचं गवत वाळायला लागलं आहे. तुमच्या प्रभाग कार्यालयात एक अर्ज द्या आणि विचारा की आमच्या टेकडीसाठी आगीचं पाणी कुठं साठवलं आहे. अर्जाची पोच घ्या. डोंगरावर वणवा दिसला तर वनखात्याचा क्रमांक १९२६ आहे. वस्तीच्या जवळ असेल तर १०१.